बंब, चुलाण आणि डोक्यावरची मोळी

(हितचिंतकांच्या वार्षिक मेळाव्यात मुलींच्या वसतिगृहाच्या अधीक्षिकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे "वसतिगृहाचे कार्य" असा विषय छापला आहे. मुलींचं शिक्षण, निकाल, आरोग्य यांची माहिती अहवालात आलीच आहे, ती पुन्हा सांगत नाही. मी आज फक्त आमच्या अंगणातल्या आगीबद्दल बोलणार आहे.

कारण असं की, मागच्या वर्षभरात वसतिगृह पाहायला जे जे आले, त्यांतल्या बहुतेकांनी हाच प्रश्न विचारला, "बाई, तुम्ही अजून लाकूड जाळता? आम्ही गीझर देऊ का? सौर बंब देऊ का?" विचारणाऱ्यांचं मन मोठं आहे, म्हणून त्यांना नीट उत्तर द्यायला हवं.

आमचं वसतिगृह नंदुरबार जिल्ह्यात, अक्राणीच्या डोंगरात आहे. तिथे कार्तिकापासून माघापर्यंत पहाटेचं पाणी हाताला झोंबतं. चाळीस मुली साडेपाचला उठतात आणि साडेसातला शाळेसाठी तयार असतात. वीज आहे, पण ती कधी जाईल आणि आली तर किती दाबाने येईल याचा भरवसा नाही. चाळीस जणींच्या पाण्याला पुरतील एवढे गीझर त्या विजेवर चालत नाहीत. सौर बंब चांगला. तो मिळाला तर आम्ही आनंदाने बसवू. पण ढगाळ दिवसांत त्याचं पाणी कोमटच राहतं, आणि आमचं बोअरचं पाणी जड असल्याने त्याच्या नळ्यांत क्षार बसणार, तेही काढावे लागणार. म्हणजे सौर बंब आला तरी अंगणातली आग पूर्ण विझणार नाही. ती पेटणारच असेल तर नीट पेटावी, कमी लाकडात पेटावी आणि कोणाला भाजू नये, एवढं तरी आपल्या हातात आहे.

आमच्याकडे दोन साधनं आहेत. एक चुलाण, म्हणजे अंगणातली मोठी चूल, तिच्यावर शंभर लिटरचं पातेलं बसतं. दुसरा तांब्याचा बंब. आज सभागृहात पन्नाशीच्या पुढचे जे आहेत त्यांच्या घरी बंब असणारच. तरुणांसाठी सांगते. बंब म्हणजे पाण्याचं उभं पिंप, आणि त्याच्या मधोमध आरपार गेलेलं नळकांडं. आग त्या नळकांड्यात असते आणि पाणी तिच्या चारी बाजूंनी. खाली लोखंडी जाळी, जाळीखाली राख पडायला आणि हवा यायला जागा. वरच्या तोंडातून लाकडाचे लहान तुकडे टाकायचे. पूर्वी वखारीत असे तुकडे "बंबफोड" म्हणून वेगळे मागून घेत असत. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या असे बंब ठोकून घडवले.

ही युक्ती फार शहाणपणाची आहे. तीन दगडांच्या चुलीवर भांडं ठेवलं की आग भांड्याच्या बुडाला चाटते आणि बाकीची बाजूंनी निघून जाते. दहा भाग उष्णता निर्माण झाली तर जेमतेम एक-दीड भाग पाण्यात जातो. उरलेली अंगण तापवते. बंबात आग पाण्याच्या पोटातच असते, त्यामुळे ती सहज निसटत नाही.

आता थोडा हिशेब करू. आमच्या दहावीच्या मुलींनी तो फळ्यावर करून दाखवला आहे, म्हणून मीही तसाच मांडते. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते. एका मुलीला १५ लिटर पाणी धरा. ते १८ अंशांवरून ४० अंशांवर न्यायचं, म्हणजे २२ अंश. पंधरा गुणिले बावीस, ३३० किलोकॅलरी. चाळीस मुलींचे झाले १३,२००. वाळलेलं एक किलो लाकूड जळून साधारण ३,६०० किलोकॅलरी देतं. म्हणजे सगळी उष्णता पाण्यात गेली तर पावणेचार किलो लाकडात चाळीस अंघोळी व्हायला हव्यात.

पण सगळी उष्णता पाण्यात कधीच जात नाही. तीन दगडांवर शंभरातले बारा भाग पाण्यात जातात असं धरलं, तर रोज तीस किलो लाकूड लागतं. बंब आणि बांधीव चुलाण नीट ठेवलं आणि तीस भाग पाण्यात गेले, तर बारा किलो पुरतं. रोजचा फरक अठरा किलोचा.

अठरा किलो म्हणजे किती, हे तुम्हाला वखारीच्या पावतीवरून कळणार नाही. आमच्या डोंगरात लाकूड गाडीने येत नाही. ते बायांच्या डोक्यावरून येतं. एका मोळीत वीस किलोच्या आसपास लाकूड असतं. म्हणजे आगीची देखभाल करणं आणि न करणं यातलं अंतर रोज जवळजवळ एक मोळी आहे. थंडीच्या चार महिन्यांत दोन टनांहून अधिक. शंभराहून जास्त वेळा कोणीतरी पहाटे उठून, कोयता घेऊन, डोंगर चढून, ओझं बांधून उतरायचं, ते केवळ आपलं अंगण तापावं म्हणून. माझं आजचं सगळं म्हणणं या एका हिशेबात आहे. पुढे सांगते ते फक्त त्या अठरा किलोंचं कसं करायचं ते.

सगळ्यात पहिलं आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे लाकूड वाळवणं. नुकत्याच तोडलेल्या ओल्या लाकडाच्या वजनातलं जवळजवळ निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. असं लाकूड आगीत घातलं की आग आधी त्या पाण्याची वाफ करत बसते आणि मग उरलेल्या वेळात आपलं पाणी तापवते. शिवाय आग थंड पडते, लाकूड नीट जळत नाही, धूर होतो. धूर म्हणजे न जळलेलं लाकूडच. ते पैसे देऊन घेतलं, डोक्यावरून आणलं, आणि हवेत सोडून दिलं.

आमच्याकडे होळीच्या आधी लाकूड घेऊन ठेवतात. ते लगेच फोडायचं, मनगटापेक्षा जाड ठेवायचं नाही. आख्खा ओंडका वर्षभर उन्हात पडला तरी आतून ओला राहतो, कारण साल पाणी धरून ठेवते. फोडलेलं लाकूड जमिनीवर टाकायचं नाही. खाली दगड किंवा दोन आडवे वासे, त्यावर थर. थरांमध्ये वारा फिरेल एवढी फट. वरून पत्रा, बाजू मोकळ्या. पुष्कळ जण काळजीपोटी लाकडाचा ढीग चारी बाजूंनी ताडपत्रीने गुंडाळून ठेवतात. आतली ओल बाहेर पडत नाही आणि लाकडाला बुरशी धरते. चैत्र-वैशाखाचं ऊन त्याला पुरं मिळू द्यायचं आणि मृग लागायच्या आत छपराखाली न्यायचं.

वाळलं की नाही ते ओळखायला यंत्र लागत नाही. टोकाला मधून बाहेर जाणाऱ्या भेगा पडलेल्या दिसतात. साल सैल होऊन निघते. दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर खणखणीत आवाज येतो. ओलं लाकूड बद्द वाजतं. आणि आगीत घातल्यावर टोकातून फेस येऊन सूं-सूं आवाज झाला, तर ते लाकूड बाहेर काढून पुन्हा उन्हात ठेवायचं. आमच्या लहान मुलीसुद्धा आता म्हणतात, "बाई, हे लाकूड रडतंय." आणखी खात्री हवी असेल तर एका तुकड्यावर खूण करून दर आठवड्याला त्याचं वजन करावं. वजन उतरायचं थांबलं की ते वाळलं.

कोणतं लाकूड, याचं ज्ञान आमच्या पाड्यांवरच्या माणसांना आहे, ते मी त्यांच्याकडूनच शिकले. धावडा, खैर, अंजन, बाभूळ, बोर, ही जड लाकडं. निखारा धरतात आणि हळू जळतात. सालई, सावर, पांगारा हलकी. भडकन पेटतात आणि विझतात, ती फक्त पेटवायला. खैर किंवा अंजन मिळतं म्हणून मुद्दाम तोडायचं नाही. वाळून पडलेली फांदी चालते. मोहाच्या झाडाला तर सरपणासाठी कोणी हात लावत नाही, कारण फुलं आणि फळं देणारं ते झाड वर्षानुवर्षं घर चालवतं. बिब्ब्याचं लाकूड कधीच जाळायचं नाही. त्याचा चीक अंगावर फोड आणतो आणि धूरही त्रास देतो. कण्हेरही नाही, ती विषारी आहे. शहरात राहणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की रंग दिलेल्या फळ्या, प्लायवूड, प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि रबरी चपला हे सरपण नव्हे. त्यांचा धूर विषारी असतो आणि त्यांची राखही परसात टाकण्यासारखी राहत नाही.

जंगलाबाहेरही पुष्कळ सरपण आहे. खाली तळोदा-शहाद्याकडे कापूस निघून गेला की शेतात पऱ्हाट्या उभ्या राहतात. तुरीच्या तुराट्या, दाणे काढलेली मक्याची कणसं हीसुद्धा बंबात छान जळतात, फक्त लवकर संपतात. म्हणून आम्ही दोन मूठ तुराट्या आणि एक जड तुकडा असं मिसळून घालतो. कुंपणाला गिरीपुष्प लावलं आहे. त्याच्या फांद्या छाटल्या की पुन्हा फुटतात, पाला खताला जातो आणि काटक्या सरपणाला.

आता पेटवण्याबद्दल. बंबात आधी पाणी, मग आग. हा नियम आम्ही बंबाशेजारच्या भिंतीवर रंगवून ठेवला आहे. कोरड्या बंबाखाली आग लावली तर सांध्यांना दिलेला डाग वितळतो आणि बंब गळायला लागतो. कोरडा बंब तापला आहे असं लक्षात आलं तर घाईने गार पाणी ओतायचं नाही. आग काढून घ्यायची आणि तो निवेपर्यंत दूर उभं राहायचं. बंब दोन तऱ्हेचे असतात. काहींत जेवढं गार पाणी ओताल तेवढंच गरम बाहेर येतं, तो आपोआप भरलेला राहतो. काहींत तोटी खाली असते आणि सगळं पाणी निघून जाऊ शकतं. आपला बंब कोणत्या तऱ्हेचा आहे ते घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं.

पेटवताना आधी राख काढायची, जाळी मोकळी करायची. मग ढलप्या, त्यावर काटक्या, त्या नीट धरल्या की बोटभर जाडीचे तुकडे, आणि शेवटी जड लाकूड. एकदम नळकांडं गच्च भरायचं नाही. हवा खालून येते, ती वर जायला वाट हवी. थोडं थोडं, पण वेळेवर घालायचं. म्हणून आमच्याकडे पहाटे एक जण फक्त आगीपाशी असते, दुसरं काम करत नाही. धूर पाहून आगीची तब्येत कळते. दाट पांढरा धूर म्हणजे लाकूड ओलं. काळा धूर म्हणजे हवा कमी. धुराड्याच्या तोंडाशी नुसती हवा थरथरताना दिसली तर समजावं की लाकूड पूर्ण जळतंय. फुंकणी सारखी हातात घ्यावी लागत असेल तर लाकूड, जाळी किंवा धुराडं यांत काहीतरी बिघडलं आहे. ते आधी शोधावं, फुंकत बसू नये.

चुलाणालाही हीच गोष्ट लागू. आमचं चुलाण विटा-मातीचं आहे. पातेल्याच्या घेराबरोबर त्याचा काठ बांधला आहे, भांडं आणि भिंत यांत बोटभर फट. त्या फटीतून गरम हवा भांड्याच्या अंगाला घासत वर जाते. फट हातभर झाली तर उष्णता निघून जाते, आणि फटच नसेल तर धूर तोंडातून उलट येतो. लाकडाच्या खाली लोखंडी जाळी आहे. पातेल्यावर झाकण ठेवायचं, ही सगळ्यात स्वस्त सुधारणा. झाकण नसलेलं पातेलं आपली उष्णता वाफेवाटे आकाशाला देतं.

आता देखभाल. ती रोजची, आठवड्याची, महिन्याची आणि वर्षाची अशी आहे.

रोज राख काढायची. ती लोखंडी घमेल्यात ठेवायची, प्लॅस्टिकच्या बादलीत किंवा पाचटाच्या ढिगावर नाही. वरून गार दिसणाऱ्या राखेत निखारा दुसऱ्या दिवशीही जिवंत असू शकतो. पूर्ण निवल्यावरच ती भांड्यांना, कडधान्यात घालायला, आणि थोडी परसातल्या मातीत.

दर आठवड्याला काजळी काढायची. नळकांड्याच्या आतल्या अंगाला काजळीचा थर बसतो, तो उष्णता अडवतो. आग तीच, लाकूड तेच, पण पाणी उशिरा तापतं. काथ्याचा किंवा तारेचा लांब ब्रश वरून खालपर्यंत फिरवायचा. हे काम बंब गार असताना, नाकातोंडाला फडकं बांधून करायचं. धुराडंही असंच. ओलं लाकूड जाळणाऱ्यांच्या धुराड्यात चिकट, डांबरासारखा थर बसतो आणि एखाद्या दिवशी तो स्वतःच पेट घेतो. कुडाच्या भिंती आणि गवताचं छप्पर असलेल्या घरापाशी असं होणं म्हणजे काय, ते सांगायला नको.

दर महिन्याला आतले क्षार पाहायचे. आमच्यासारखं जड पाणी असेल तर बंबाच्या आत पांढरा थर जमतो. तोही काजळीसारखाच उष्णता अडवतो, आणि तोटीचं तोंड बुजवतो. लिंबूसत्त्व पाण्यात विरघळवून ते बंबात काही तास ठेवायचं, मग दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुवायचं. तांब्याला बाहेरून चिंच आणि राख. ती चमक शोभेसाठी असली तरी तिचा एक उपयोग आहे. घासताना हात सगळीकडे फिरतो, आणि बारीक गळती किंवा पोचा वेळीच दिसतो. बंबातलं पाणी पिण्याला किंवा स्वयंपाकाला वापरत नाही. जुन्या बंबांच्या डागात शिसं असू शकतं.

वर्षातून एकदा, पावसाळा संपला की, जाळी, तोटी, वॉशर, पाये, धुराड्याचा पत्रा हे सगळं तपासायचं. जाळी ही झिजणारीच वस्तू आहे. ती वाकली की निखारे खाली पडतात, हवा अडते आणि लाकूड जास्त लागतं. चुलाणाला माती-शेणाचा नवा हात द्यायचा, भेगा बुजवायच्या.

इथे एक गोष्ट सांगते. कोणाला दोष देण्यासाठी नाही. आमच्या ओळखीच्या एका वसतिगृहाला एका हितचिंतकांनी मोठा सुंदर बंब भेट दिला होता. पहिल्या थंडीत तो छान चालला. मग तोटी गळायला लागली. वॉशर दहा रुपयांचं, पण ते त्या आकाराचं तालुक्याला मिळालं नाही, आणि हिशेबाच्या वहीत "दुरुस्ती" नावाचं खातंच नव्हतं. बंब कोठीत गेला. दोन थंड्या मुलींचं पाणी पुन्हा तीन दगडांवर तापलं. बंबावर देणाऱ्याच्या नावाची पाटी होती, ती मात्र चकचकीत राहिली. पुढे एका तांबटाने अर्ध्या दिवसात तो चालू करून दिला. नवी वस्तू द्यायला पुष्कळ हात पुढे येतात, आणि ते यावेतच. पण जाळी बदलायला, वॉशर आणायला, लाकडावर पत्रा घालायला कोणी देत नाही, कारण त्याचा फोटो चांगला येत नाही.

आता सुरक्षिततेबद्दल, कारण माझ्या घरात चाळीस लेकरं आहेत. बंब न्हाणीघरात, दार लावून कधीही पेटवायचा नाही. निखाऱ्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही आणि त्याला वास नसतो. माणूस गुंगीत जातो आणि उठत नाही. हा इशारा शहरातल्या घरांनाही आहे. थंडीत खोलीत शेगडी ठेवून दार लावून झोपणाऱ्यांनाही आहे. बंबाचं पाणी ओतायचं तोंड घट्ट बुच मारून बंद करायचं नाही, वाफेला वाट हवीच. रॉकेल ओतून आग भडकवायची नाही. आगीपाशी ओढणी मागे बांधायची, सिंथेटिक कपडे नकोत. बंबाभोवती आम्ही चुन्याची रेघ मारली आहे, दहा वर्षांखालच्या मुलीने ती ओलांडायची नाही. गरम पाणी मोठ्या मुलीच वाहतात, आणि बादलीत आधी गार, मग गरम.

तरीही कोणी भाजलं तर लगेच वाहत्या गार पाण्याखाली तो भाग वीस मिनिटं धरायचा. बांगडी, दोरा, जे काही आवळेल ते काढायचं. हळद, तूप, टूथपेस्ट, शाई यातलं काहीही लावायचं नाही. स्वच्छ कापडाने सैल झाकायचं आणि १०८ ला फोन करायचा. बर्फ नको आणि फोड फोडणं नको.

धुराबद्दलही एक वाक्य. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली घरातल्या चुलीच्या आणि तशाच धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख माणसांचे मृत्यू झाले. त्यांत पाच वर्षांखालची मुलंही मोठ्या संख्येने होती. आमचं धुराडं छपराच्या वर काढलं आहे आणि चुलाण मुलींच्या खोल्यांवर वारा येतो त्या बाजूला नाही. पण जी बाई घरी आत, खिडकी नसलेल्या कोपऱ्यात भाकरी भाजते, तिला हे मिळालेलं नाही. म्हणून मुली सुट्टीत घरी जातात तेव्हा आम्ही त्यांना एवढंच सांगतो, लाकूड वाळवून घाला, भांड्यावर झाकण ठेवा, आणि धूर जायला वरती एक वाट करा.

शेवटचा मुद्दा सगळ्यात अवघड आहे. आम्ही लाकूड कमी जाळायला लागलो तेव्हा मोळी आणणाऱ्यांपैकी एक वयस्कर बाई ओट्यावर बसून मला म्हणाली, "बाई, तुम्ही मोळी कमी घेतली, ते बरंच झालं, गुडघे दुखतात. पण माझ्या मीठ-मिरचीचं काय?"

तिचं खरं होतं. आपण डोंगर वाचवला, मुलींचे डोळे वाचवले, आणि एका घराची कमाई बंद केली, तर ती सेवा नव्हे. त्यावर आम्ही असं ठरवलं. मोळीचा दर वजनावर द्यायचा, आणि वाळलेल्या, फोडून आणलेल्या लाकडाला ओल्यापेक्षा जास्त. ओल्या लाकडाच्या वजनात पाणी असतं, त्यामुळे दर एकच ठेवला तर वाळवणाऱ्याचं नुकसान होतं. फोडणं, रचणं, पऱ्हाट्या बांधून आणणं हे काम उन्हाळ्यात, जेव्हा शेतात मजुरी नसते तेव्हा, त्याच बायांना रोजंदारीवर द्यायचं. चुलाण लिंपायचं कामही त्यांचंच, कारण त्यांच्या हाताला मातीची जाण आहे. ओझं कमी झालं, पण घरात जाणारे पैसे जवळपास तेवढेच राहिले. त्या म्हाताऱ्या आजी आता छपराखाली बसून लाकूड ठोकून बघतात आणि बद्द वाजणारं बाजूला काढतात. आमच्याकडची ती सगळ्यात कडक तपासणी आहे.

आणि हेही लक्षात असू द्या, की हे लाकूड वेचणं म्हणजे चोरी नव्हे. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनउपजावर तिथल्या आदिवासींचा हक्क मान्य केला आहे, आणि त्याच्या व्याख्येत झुडपी लाकूड आणि झाडांची खोडकंही येतात. त्या बाया हक्काचं वेचतात. आपण ते किती विचाराने जाळतो, एवढाच आपला प्रश्न.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. तुम्ही विचारलंत, काय देऊ? यंदा आम्हाला नवं यंत्र नको. आम्हाला लाकडाच्या छपरासाठी पत्रे हवेत, बाजू मोकळ्या आणि पावसाच्या दिशेला एक आडोसा. दोन लोखंडी जाळ्या हव्यात, एक वापरायला आणि एक शिलकीत. ब्रश, वॉशर, तोटी यांची एक पेटी हवी. आणि वर्षातून एकदा एका तांबटाला वर बोलावून, बंब तपासून, आमच्या मोठ्या मुलींना डाग कसा द्यायचा ते शिकवून जाण्याचा खर्च. उद्या कोणी सौर बंब देणार असेल, तर त्याच्याबरोबर पाच वर्षांच्या दुरुस्तीचीही तजवीज करावी, एवढी विनंती.

आणि ज्यांच्या घरी माळ्यावर आजोबांचा बंब पडून आहे, त्यांनी तो मोडीत घालण्याआधी एकदा आम्हाला कळवावं. गळका असला तरी चालेल. तोटी तेवढी बरोबर पाठवा.